गच्चीवरचे लाख-कोटी: मुलांना मोठ्या संख्या दाखवायच्या कशा

माझी मुलगी पाचवीत होती तेव्हाची गोष्ट. सकाळी पेपर चाळता चाळता तिने विचारलं, “बाबा, लाख कोटी म्हणजे लाख की कोटी?” मी सांगितलं, एकावर बारा शून्यं. “म्हणजे खूप,” असं म्हणून तिने पान उलटलं. तिला दहा अंकी संख्या वाचता येत होती, स्वल्पविराम बरोबर जागी पडत होते, चाचणीत गुणही पुरे मिळाले होते. पण लाख, कोटी आणि लाख कोटी या तिघांना तिच्या मनात मिळून एकच जागा होती: ‘खूप’.

तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी मी आमच्या इमारतीतल्या मुलांना घेऊन गच्चीवर, मैदानात, कधी गावी शेतात हे प्रयोग करत आलो आहे. त्यातले जे मुलांच्या डोक्यात राहिले तेच इथे क्रमाने देतो. घरातल्या कुणालाही ते करता येतील, त्यासाठी गणिताचा हात चांगला असावा लागत नाही. गुणाकार येणारं मूल असलं की पुरे, म्हणजे साधारण तिसरी-चौथीपासून पुढे. सामान म्हणाल तर सुतळीचा गुंडा, कपडे वाळत घालायचे चिमटे, शिंप्याची टेप, पाच-सहा आलेखपेपर, वाटीभर तांदूळ आणि एक छत्री.

सुरुवातीलाच एक सांगतो, कारण मी स्वतः त्यातच अडखळत होतो. मोठी संख्या समजावताना आपण पटकन म्हणतो, “इतक्या नोटा एकावर एक रचल्या तर चंद्रापर्यंत जातील.” पण चंद्र किती लांब आहे हे त्या मुलाला कुठे ठाऊक आहे? एक न कळलेली गोष्ट आपण दुसऱ्या न कळलेल्या गोष्टीने समजावत असतो. त्यापेक्षा मुलाने बोटाने चाचपलेली एखादी अगदी छोटी वस्तू धरायची आणि शेवटपर्यंत तीच ठेवायची. मधेच तांदूळ, मधेच पावलं, मधेच रुपये असं केलं की धागा तुटतो. आणि प्रत्येक वेळी आधी मुलाचा अंदाज, मग मोजणी. अंदाज चुकला तर ‘चूक’ म्हणायचं नाही, कागदावर लिहून ठेवायचा.

पायरी पहिली: दोरी आणि चिमटे

गच्चीवर किंवा लांब व्हरांड्यात दहा मीटर सुतळी ताणून बांधा. एका टोकाला शून्याची चिठ्ठी, दुसऱ्या टोकाला एक कोटीची. मुलाच्या हातात पाच चिमटे आणि पाच चिठ्ठ्या द्या: हजार, दहा हजार, लाख, दहा लाख, पन्नास लाख. ज्याची जागा जिथे वाटते तिथे लाव, एवढंच सांगा.

मी आतापर्यंत पाहिलेली जवळजवळ सगळी मुलं हे चिमटे सारख्या अंतरावर लावतात आणि लाख दोरीच्या मध्याजवळ येतो. मोठ्यांना लावायला सांगितलं तरी फार वेगळं होत नाही. हरकत नाही, तसंच राहू द्या. मग मुलालाच भागाकार करू द्या. दहा मीटर म्हणजे एक कोटी, तर एक मीटर म्हणजे दहा लाख. दहा सेंटीमीटर म्हणजे एक लाख. एक सेंटीमीटर म्हणजे दहा हजार. आणि हजार? एक मिलीमीटर.

आता चिमटे हलवायला सांगा. पन्नास लाख बरोबर मध्यावर बसतो. दहा लाख पहिल्या मीटरला येतो. लाख शून्यापासून वीतभरही लांब नसतो. दहा हजार आणि हजार तर लावताच येत नाहीत, कारण चिमट्याची स्वतःची रुंदीच सेंटीमीटरभर असते. मुलं तिथे चिमट्यावर चिमटा चढवायला बघतात, मग थांबतात आणि मागे वळून उरलेल्या नऊ मीटर मोकळ्या दोरीकडे बघतात. या क्षणी काही बोलू नका.

असं का होतं? हजार, लाख, कोटी, अब्ज ही नावं कानाला एकापुढे एक येतात, त्यामुळे जिन्याच्या सारख्या उंचीच्या पायऱ्या असाव्यात असं वाटतं. खरं तर हजारापासून पुढे आपलं प्रत्येक नवं नाव आधीच्या नावाच्या शंभरपट असतं. शंभर हजारांचा लाख, शंभर लाखांचा कोटी, शंभर कोटींचा अब्ज. मूल मोठं असेल तर याच दोरीवर अब्ज कुठे येईल ते विचारा. उत्तर एक किलोमीटर. घरापासून तेवढ्या अंतरावर काय आहे ते मुलालाच शोधू द्या. आमच्याकडे पिठाची गिरणी निघाली, आणि अब्जाला पुढे कितीतरी दिवस ‘गिरणी’ हेच नाव पडलं होतं.

पायरी दुसरी: हजार एकदा हाताने मोजा

ही पायरी कंटाळवाणी वाटते, पण गाळू नका. एखादी संख्या हाताने मोजून खरी करायची तर सोसवते ती हजारापर्यंतच. चिंचोके असतील तर उत्तम, नाहीतर तांदूळ. दहा-दहाचे ढीग, दहा ढिगांचं शंभर, शंभराच्या दहा वाट्या. अर्धा-पाऊण तास जातो.

तांदूळ मोजले असतील तर ते हजार दाणे स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा. तांदळाच्या जातीप्रमाणे वजन बदलतं, आंबेमोहोराचे दाणे बारीक म्हणून कमी भरतात. समजा वीस ग्रॅम आले. मग लाख दाणे दोन किलो, कोटी दाणे दोनशे किलो, म्हणजे पन्नास किलोची चार पोती. अब्जाला वीस टन, मोठे दोन ट्रक. मूल एवढं सगळं तोंडी करतं आणि त्याला मजाही येते. पण पोती आणि ट्रक त्याला डोळ्यांसमोर दिसतात, त्यातला दाणा मात्र दिसेनासा होतो. म्हणून तांदूळ इथेच थांबवतो (आणि संध्याकाळी त्याचा भात करतो). पुढच्या वाटेवर दुसरं एकक लागतं.

पायरी तिसरी: एक ठिपका, एक सेकंद

सगळ्यात जास्त वेळ द्यावा अशी हीच पायरी आहे. एकाच दिवशी संपवायची घाई करू नका, आमच्याकडे ती दोन-तीन रविवार चालते.

आलेखपेपरवर सेंटीमीटरचे चौकोन असतात आणि प्रत्येकाच्या आत मिलीमीटरचे बारीक चौकोन. मुलाला टोकदार पेन्सिल द्या आणि एका सेंटीमीटरच्या चौकोनात प्रत्येक बारीक घरात एक ठिपका द्यायला सांगा. तुम्ही टाळ्या वाजवा, सेकंदाला एक टाळी आणि एक ठिपका. शंभर घरं असतात. चाळीसच्या आसपास मुलाची मान अवघडते, सत्तरपर्यंत एखादं घर चुकतं. पूर्ण व्हायला एक मिनिट चाळीस सेकंद लागतात. बोटाच्या नखाएवढा तो करडा चौकोन म्हणजे शंभर. आता हा ठिपका आणि हा सेकंद शेवटपर्यंत सोडायचा नाही.

इथून पुढे मुलाऐवजी ठिपके देणारा एक माणूस कल्पा. तो सेकंदाला एक ठिपका देतो; झोपत नाही, जेवत नाही, थांबत नाही. आमच्या मुलांनी त्याला ठिपकेकाका म्हटलं, मीही तेच वापरतो.

दहा सेंटीमीटर लांब, दहा सेंटीमीटर रुंद असा आलेखपेपरचा तुकडा कापा. त्यात दहा हजार घरं. ठिपकेकाकांना त्यासाठी दोन तास सेहेचाळीस मिनिटं चाळीस सेकंद लागतील, एक लांबलचक सिनेमा. असे दहा तुकडे एका ओळीत चिकटवा. मीटरभर लांब, वीतभरही रुंद नसलेली ही पट्टी म्हणजे एक लाख. नेहमीच्या आलेखपेपरमधून असे दोन तुकडे निघतात, म्हणजे पाच कागदांत लाख घरी येतो. ही पट्टी दारावर तोरणासारखी लावा. येता-जाता मुलं तिला हात लावतात, नाक चिकटवून घरं बघतात, आणि लाख ही त्यांच्या ओळखीची वस्तू होते. काकांना लागणारा वेळ सत्तावीस तास सेहेचाळीस मिनिटं: आज सकाळी आठला बसले तर उद्या दुपारी बाराला थोडा वेळ असताना उठतील.

अशा दहा पट्ट्या शेजारी शेजारी लावल्या की मीटर बाय मीटरचा चौकोन होतो आणि त्यात दहा लाख घरं असतात. घरी वर्तमानपत्राची पानं चिकटवून तेवढा चौकोन करा, कोपऱ्यात आलेखपेपरचा एक तुकडा लावला की काम भागतं. वर्ग असेल तर मात्र खराच करा. तीस मुलांनी दोन-दोन आलेखपेपर आणले की शंभर तुकडे सहज निघतात आणि भिंतीवर खरेखुरे दहा लाख चौकोन लागतात. ठिपकेकाका गणेशचतुर्थीला बसले तर विसर्जन होऊन गेल्यावरही त्यांचं काम चालूच असेल, कारण त्यांना साडेअकरा दिवस लागतात.

आता कोटी. कोटीसाठी काही चिकटवायचं नाही, तुम्ही त्याच्यात उभे आहात. दहा फूट बाय अकरा फुटांच्या खोलीच्या फरशीवर एक कोटी दोन लाख मिलीमीटर-चौकोन मावतात. मुलांना टेप देऊन खोली मोजायला सांगा, मग आलेखपेपरचा तुकडा खोलीच्या मधोमध ठेवून म्हणा, ही सगळी फरशी याच कागदाने मढवलेली आहे असं समज. काकांनी एका कोपऱ्यातून आषाढी एकादशीला सुरुवात केली, तर दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत पोहोचायला कार्तिकी एकादशी उजाडेल (मधे अधिक महिना आला नाही तर). एक अख्खा चातुर्मास, रात्रंदिवस, सेकंदाला एक ठिपका. माझ्या अनुभवात ‘कोटी’ हा शब्द मुलांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा इथे दिसतो.

पुढे घराबाहेर पडावं लागतं. आपल्याकडे जमीन गुंठ्यात मोजतात ते इथे फार उपयोगी पडतं. एक गुंठा म्हणजे तेहतीस फूट बाय तेहतीस फूट, आणि त्यात दहा कोटींहून किंचित जास्त मिलीमीटर-चौकोन बसतात. दहा गुंठे म्हणजे अब्ज. सातबारा उतारा मुलांना दाखवा. त्यावर क्षेत्र हेक्टर आणि आर मध्ये लिहिलेलं असतं. एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर, बरोबर दहा कोटी चौकोन. दहा आर म्हणजे बरोबर एक अब्ज.

आमच्या गावच्या शेतात दहा गुंठ्यांचा एक तुकडा आहे. मे महिन्यात नांगरून पडलेलं असताना तिथे मुलांना नेलं होतं. बांधावरून चालत चारही कडा फिरवल्या, आणि मग आठ वर्षांचा एक मुलगा आलेखपेपरचा तुकडा ढेकळावर ठेवून पोटावर झोपला. एक डोळा मिटून तो मिलीमीटरच्या घराकडे बघायचा, मग मान वर करून पलीकडच्या बांधाकडे. असं त्याने चार-पाच वेळा केलं. मग विचारलं, “काकांना इथे किती दिवस लागतील?” आम्ही हिशेब केला: एकतीस वर्षं आणि आठ महिने. तो उठून बसला आणि म्हणाला, “मग माझं लग्न झालेलं असेल.” मला सांगायचं होतं ते त्याने त्याच्या भाषेत सांगितलं होतं.

याच शेतात लोकसंख्याही दाखवता येते. प्रत्येक माणसाला एक मिलीमीटर-चौकोन दिला, तर २०११ च्या जनगणनेतला महाराष्ट्र, म्हणजे ११ कोटी २४ लाख माणसं, एका गुंठ्याला थोडा बाहेर सांडतो. त्याच जनगणनेतला अख्खा भारत, १२१ कोटी, बारा गुंठ्यांत बसतो. इथे मुलं स्वतःचा ठिपका कुठे ते विचारतात. एक घर दाखवून सांगा, हा तू. मग त्याच्या वर्गाची घरं, त्याच्या गावाची घरं. गावाचा तो डाग तळहाताएवढा तरी होतो का ते मुलांनाच मोजू द्या.

शहरात शेत नसेल तर मैदानात शंभर मीटर बाय शंभर मीटर पावलांनी आखा. तो एक हेक्टर, म्हणजे एक हजार कोटी चौकोन. काकांना ३१७ वर्षं. साताऱ्यात शाहू महाराजांचा राज्याभिषेक १७०८ मध्ये झाला. त्या दिवशी सुरुवात केली असती तर अलीकडे कुठे हे एक हेक्टर पुरं झालं असतं.

आणि एक चौरस किलोमीटर घेतला तर? दहा लाख चौरस मीटर, प्रत्येकात दहा लाख चौकोन. एकावर बारा शून्यं. पेपरातला लाख कोटी तो हाच. अर्थसंकल्पाच्या बातमीत लाख कोटींचा आकडा आला की त्याच्या शेजारी एक चौरस किलोमीटर उभा करा आणि ‘एका घरावर एक रुपया’ असं म्हणा; पाचवीतलं मूलही मग बातमीवर प्रश्न विचारू लागतं. काकांना इथे ३१,७०० वर्षं लागतात. मी मुलांना यापुढे एकदम महाराष्ट्रावर नेतो. राज्याचं क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर. पृथ्वी जन्मली त्या दिवसापासून, म्हणजे साधारण ४५४ कोटी वर्षं, काका सेकंदाला एक ठिपका देत राहिले असते तरी आजवर अर्धा महाराष्ट्रही झाला नसता. हिशेब मुलांकडूनच करून घ्या, त्याशिवाय त्यांचा विश्वास बसत नाही, आणि बसूही नये.

पायरी चौथी: आता नावं

नावं मी मुद्दाम इतक्या उशिरा आणतो. वस्तू आधी पाहिली असेल तर नाव चिकटतं, नाहीतर ते नुसतं पाठांतर होतं.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त संख्यास्थानांची अठरा नावं ओळीने दिली आहेत आणि प्रत्येक नाव आधीच्याच्या दसपट आहे: एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकु, जलधि, अंत्य, मध्य, परार्ध. आता याच ओळीवर आपली जमीन ठेवून बघा. आलेखपेपरचा तुकडा अयुत. तोरणाची पट्टी लक्ष. वर्तमानपत्राचा चौकोन प्रयुत, खोली कोटी, गुंठा अर्बुद, दहा गुंठे अब्ज, हेक्टर खर्व, चौरस किलोमीटर महापद्म. आणि सगळ्यात शेवटचा परार्ध म्हणजे एक लाख चौरस किलोमीटर. महाराष्ट्र तीन परार्ध भरतो. हे मला पहिल्यांदा जुळलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्या कागदाकडे बघत बसलो होतो. गोव्यातल्या मुलांनी आपला हिशेब करावा: ३,७०२ चौरस किलोमीटर म्हणजे पावणेचार अंत्याला थोडं कमी.

सावधगिरी एका बाबतीत घ्या. बाजारात मिळणाऱ्या काही तक्त्यांवर अब्जानंतर दशअब्ज, मग खर्व, दशखर्व असा क्रम असतो. तिथला खर्व लीलावतीतल्या खर्वाच्या दसपट होतो. म्हणून कोटीच्या पुढे गेलं की नावाबरोबर शून्यंही सांगायची सवय लावा.

इंग्रजी माध्यमातल्या आणि परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांचा गोंधळ आणखी वेगळा असतो. आजी लाख-कोटी म्हणते, शाळा मिलियन-बिलियन म्हणते, आणि स्वल्पविरामही वेगळ्या जागी पडतात: १०,००,००० आणि १,०००,००० या दोन्ही एकच संख्या. पाठ करायला तीनच जोड्या पुरतात. मिलियन म्हणजे दहा लाख, बिलियन म्हणजे शंभर कोटी म्हणजेच अब्ज, ट्रिलियन म्हणजे लाख कोटी. आपल्या मांडणीत मिलियन हा वर्तमानपत्राचा चौकोन, बिलियन दहा गुंठे आणि ट्रिलियन चौरस किलोमीटर. दोन्ही भाषांत नाव वेगळं, जमीन तीच.

पायरी पाचवी: पृथ्वीचा हरभरा

अंतरांसाठी वेगळी मांडणी लागते, कारण इथे आकार आणि अंतर दोन्ही एकाच मापाने लहान करायचे असतात. पुस्तकातल्या चित्रांत जागा वाचवण्यासाठी ग्रह एकमेकांना खेटून काढलेले असतात, आणि मुलांच्या मनात सूर्यमाला तशीच राहते.

एक सेंटीमीटरचा काबुली चणा निवडा. ही पृथ्वी. चंद्रासाठी पावणेतीन मिलीमीटरचा काळा मणी. आधी मुलांना विचारा, मणी किती लांब ठेवू? बहुतेक जण चार-पाच सेंटीमीटर सांगतात. खरं उत्तर तीस सेंटीमीटर, मोठी फूटपट्टी संपते तिथे. मधे तीस पृथ्व्या ओळीने मावतात.

सूर्य या मापात १.०९ मीटरचा होतो, म्हणजे उघडलेली छत्री. तो ११७ मीटरवर जातो. पहिल्या पायरीतली दहा मीटरची सुतळी बारा वेळा टाका, शेवटची थोडी अपुरी. तिथे कुणालातरी छत्रीचा गोल चण्याकडे करून उभं करा. आता चण्याजवळ डोळा आणा, एक डोळा मिटा आणि तीस सेंटीमीटरवरचा मणी हलवत छत्रीच्या बरोबर समोर आणा. एवढासा मणी अख्खी छत्री झाकतो. खग्रास ग्रहण का होतं हे यापेक्षा सोप्या रीतीने मला सांगता आलेलं नाही. (खऱ्या सूर्याकडे बघायचं नाही, हे त्याच वेळी बजावा.)

याच मापात प्रकाश सेकंदाला सुमारे तेवीस सेंटीमीटर सरकतो, रांगणाऱ्या बाळासारखा. छत्रीपासून चण्यापर्यंत यायला त्याला आठ मिनिटं वीस सेकंद लागतात. घड्याळ लावून मुलांना त्या वेगाने एकदा चालवा. मधेच ती कंटाळतात, आणि तेच हवं असतं. गुरू म्हणजे सोललेला नारळ, ६१० मीटरवर. नेपच्यून लिंबाएवढा, साडेतीन किलोमीटरवर. सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा मांडायला जागा शोधली तर ती ३१,५०० किलोमीटरवर येते. खऱ्या पृथ्वीला पाऊण प्रदक्षिणा घातली तरी पोहोचत नाही, आणि हे चण्याएवढ्या पृथ्वीच्या मापात.

पायरी सहावी: साडेपाच नऊवारी

पृथ्वीच्या वयासाठी एक मिलीमीटर म्हणजे एक लाख वर्षं धरा. एकूण ४५ मीटर ४० सेंटीमीटर सुतळी लागते. नऊवारी लुगडी एकापुढे एक पसरली तर साडेपाच. गच्चीवर सुतळी वळणं देऊन मांडा आणि ‘आज’च्या टोकापासून मागे चिठ्ठ्या लावा. डायनासोर २३ कोटी वर्षांपूर्वी आले, ते २ मीटर ३० सेंटीमीटरवर. ते संपले ६६ सेंटीमीटरवर, आणि ज्या लाव्हातून सह्याद्रीचा काळा पाषाण झाला तो लाव्हाही त्याच सुमाराला वाहिला. भारताचा तुकडा आशियाला धडकून हिमालय उचलला जायला लागला तो साधारण ५० सेंटीमीटरवर. गडाच्या कातळावर मुलं बसतात तो दगड हिमालयाहून जुना, हे सुतळीवर दिसलं की पुढच्या ट्रेकला ती कड्याला हात लावून बघतात.

माणूस, म्हणजे आपल्यासारखा माणूस, शेवटच्या तीन मिलीमीटरमध्ये. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक १६७४ चा. तिथपासून आजपर्यंतचा काळ केसाच्या जाडीच्या विसाव्या भागाएवढा. तिथे चिठ्ठी लावता येत नाही. मुलांना लावायचा प्रयत्न करू द्या.

शेवटी आत

आलेखपेपरचा तो पहिला तुकडा अजून घरात असेल. त्यातल्या एका बारीक घरावर तेवढ्याच उंचीची घनाकार खोली कल्पा: मिलीमीटर लांब, मिलीमीटर रुंद, मिलीमीटर उंच. आता घरातल्या कुणाचा तरी रक्त तपासणीचा जुना रिपोर्ट काढा. त्यात तांबड्या पेशींची ओळ असते आणि संख्या एका घन मिलीमीटरमागे मिलियनमध्ये दिलेली असते. निरोगी मोठ्या माणसात ती पन्नास लाखांच्या आसपास. त्या एका घरावरच्या थेंबात पन्नास लाख पेशी, आणि ठिपकेकाकांना त्या एकेक करून मोजायला जवळजवळ दोन महिने. शरीरात पाच लिटर रक्त धरलं तर २५ लाख कोटी. मोठी मुलं हा गुणाकार स्वतः करतात; छोट्यांना पन्नास लाखच पुरे. गेल्या वेळी एका चौथीतल्या मुलीने रिपोर्ट आणि आलेखपेपर शेजारी ठेवले, त्या घरावर करंगळीचं टोक टेकवलं, मग बोट उचलून उजेडात धरलं आणि नखाखालचा लालसर रंग बघत राहिली.